पोटाचा रोजमेळ

शरीरावरची जखम सर्वांना दिसते. टाके किती घातले, पट्टी कधी निघाली, जखम सुकली का, असे प्रश्न भेटीस येणारा प्रत्येक जण आपुलकीने विचारतो. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा खरा त्रास मात्र या प्रश्नांच्या पलीकडे असतो. पोट तट्ट फुगलेले असते, वायू सरकत नाही, कळ येते आणि जाते, शौचाची भावना होते पण समाधान होत नाही. या गोष्टी चारचौघांत बोलण्याच्या नाहीत, असा आपल्या घरांतील संस्कार. त्यामुळे रुग्ण ‘बरे आहे’ असे म्हणून विषय संपवतो आणि रात्र कूस बदलत काढतो. घरच्यांनाही नेमके काय करावे ते कळत नाही. या अबोल त्रासाचा विचार करण्यासाठी पुण्याच्या रविवार पेठेत कापडाचे दुकान असलेल्या एका ओसवाल कुटुंबातील ज्येष्ठ गृहस्थांचा अनुभव उपयोगी पडावा. घरात आणि पेठेत त्यांना ‘बाबूजी’ म्हणतात.

बाबूजींचे वय ६८. बावीस वर्षे प्रत्येक चातुर्मासात एकासन, बारा महिने चौविहार, सकाळी सामायिक, असा त्यांचा नेम. वसंत ऋतूत त्यांना थकवा जाणवू लागला, शौचावाटे रक्त दिसले आणि तपासणीत मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात गाठ आढळली. ज्येष्ठ महिन्यात दुर्बिणीच्या साहाय्याने तो भाग काढून आतड्याची दोन टोके जोडण्यात आली. गाठ वेळेवर सापडली होती, शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. आता पंधरा दिवसांत सारे पूर्ववत होईल अशी कुटुंबाची समजूत होती. प्रत्यक्षात पूर्ववत होण्यास तीन महिने लागले, आणि त्यांतील बराचसा काळ पोटाच्या आतील अस्वस्थतेशी जुळवून घेण्यात गेला.

हे असे का होते, हे समजले तर निम्मी भीती कमी होते. माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर आणि मोठे आतडे साधारण दीड मीटर लांबीचे असते. हे आतडे एका लयीत आकुंचन पावून अन्न, पाणी आणि वायू पुढे सरकवते. शस्त्रक्रियेत त्याला हाताळले, कापले, जोडले की ही लय काही काळ थांबते. भूल आणि वेदनाशामक औषधे तिला आणखी मंद करतात. मग ते पुन्हा जागे होते, पण सारे एकदम नव्हे. लहान आतडे काही तासांत हालचाल सुरू करते, जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, बहुधा दोन-तीन दिवसांनी, कामाला लागते. पहिला वायू सरला की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, त्याचे कारण हेच. ज्या गोष्टीचा घरात उच्चारही होत नाही, तिची रुग्णालयात सर्व जण वाट पाहत असतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणखी एक वेगळे दुखणे संभवते. आत नीट दिसावे म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो. शस्त्रक्रिया संपताना तो काढून टाकतात, तरी थोडा उरतो आणि श्वासपटलाला डिवचतो. श्वासपटलाची नस मानेतून येत असल्याने ही वेदना पोटात न जाणवता खांद्यात जाणवते. दुसऱ्या रात्री बाबूजींचा उजवा खांदा असा दुखू लागला की त्यांना हृदयविकाराची शंका आली. परिचारिकेने ताबडतोब डॉक्टरांना बोलावले, हृदयाचा आलेख काढला गेला, तो निर्दोष निघाला आणि मग हे कारण समजले. हा वायू एक-दोन दिवसांत शरीर शोषून घेते. हे आधी कुणी सांगितले असते तर ती रात्र इतकी जड गेली नसती. तरीही छातीत किंवा खांद्यात दुखल्यास ‘वायूच असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. बाबूजींच्या बाबतीत तपासणी झाली तेच योग्य होते.

पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अनेक दिवस निजवून आणि उपाशी ठेवण्याची पद्धत होती. १९९० च्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यविशारदांनी या रूढीची कसून तपासणी केली आणि लवकर उठवणे, लवकर थोडे खायला देणे, अफूवर्गीय वेदनाशामके शक्य तितकी कमी ठेवणे अशी पद्धत मांडली. आज जगभर तिचा अवलंब होतो. बाबूजींनाही दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवले गेले आणि संध्याकाळी चार पावले चालवले गेले. पत्नीला ते क्रूरपणाचे वाटले. परंतु चालण्याने आतड्याला चालना मिळते, पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो आणि फुप्फुसेही मोकळी राहतात. घरी आल्यावर एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा दिवसातून सहा वेळा पाच-पाच मिनिटे चालणे त्यांना अधिक मानवले. पोट फुगून जड झाले की पलंगावर पडून राहण्याचा मोह होई. अशा वेळी दिवाणखान्यात चार फेऱ्या मारल्या की बहुधा वायू सरे आणि कळ ओसरे.

डॉक्टरांनी साखरविरहित च्युइंगगम चघळण्यास सांगितले तेव्हा घरात हसू पिकले. अडुसष्टाव्या वर्षी बाबूजी नातवासारखे च्युइंगगम चघळणार! परंतु त्यामागे साधे तत्त्व आहे. चघळण्याने मेंदूला अन्न येत असल्याची सूचना जाते, लाळ आणि पाचकरस सुटतात, आणि आतड्यांना हालचालीची प्रेरणा मिळते. जैन कुटुंबाने यात एक गोष्ट पाहावी. काही च्युइंगगममध्ये प्राणिजन्य जिलेटिन असते, म्हणून वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावे. औषधांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते आणि औषधांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका नसतो. अशा वेळी तेच औषध गोळीच्या किंवा पातळ स्वरूपात मिळेल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. कॅप्सूल उघडून आतील भुकटी घेण्याची युक्ती मात्र करू नये, कारण काही औषधे जठरातील आम्लापासून सुरक्षित राहावीत अशा रीतीनेच बनवलेली असतात. पर्याय नसेल तर औषध घ्यावे आणि मनातील खंत आपल्या गुरूंपाशी मोकळी करावी.

घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. खोकला आला की पोटात सुरी फिरल्यासारखे होई. त्यावर परिचारिकेने सांगितलेला उपाय अगदी साधा होता. एक लहान उशी पोटाशी घट्ट धरून मग खोकायचे, शिंकायचे किंवा हसायचे. पलंगावरून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हातांच्या आधाराने बसते व्हायचे. सहा आठवडे कापडाचा तागा तर सोडाच, पाण्याची भरलेली बादलीही उचलायची नाही. वेदनाशामक गोळी ‘अगदी असह्य झाल्यावरच’ घेण्याचा बाबूजींचा बाणा होता. त्यामुळे ते श्वास रोखून, आखडून पडून राहात आणि पोट अधिकच फुगे. सांगितलेल्या वेळी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी घेऊ लागल्यावर ते चालू लागले, आणि चालू लागल्यावर गोळीची गरज कमी झाली. अफूवर्गीय वेदनाशामकांनी मलावरोध होतो, तर काही इतर वेदनाशामके आतड्याच्या नव्या जोडाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. म्हणून दुकानातून मनाने गोळी आणणे टाळलेलेच बरे.

शेकाबाबतही सावधगिरी हवी. गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवली की बरे वाटते, परंतु जखमेच्या आसपासची त्वचा काही काळ बधिर असते आणि भाजल्याचे कळत नाही. बाबूजींची पत्नी पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून, जखमेपासून दूर, कमरेच्या बाजूस ठेवी. डाव्या कुशीवर गुडघे किंचित पोटाशी घेऊन निजले की वायू सरकण्यास मदत होई. शेजाऱ्यांनी पवनमुक्तासन सुचवले होते. नाव योग्य असले तरी पोटाचे स्नायू जुळून येण्याआधी ते करणे योग्य नव्हते. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दीर्घ, संथ श्वसन एवढाच त्यांचा व्यायाम होता.

आहाराच्या बाबतीत छापील सूचनांचा कागद हाती आला तेव्हा सुनेसमोर प्रश्न उभा राहिला. त्यात कुस्करलेला बटाटा, गाजराचे सूप, मध घातलेले पाणी असे पदार्थ होते. कंदमूळ आणि मध न खाणाऱ्या घरात हा कागद जसाच्या तसा कसा वापरावा? आहारतज्ज्ञांना विचारता त्यांनी तत्त्व सांगितले. पहिले काही आठवडे चोथा कमी, अन्न मऊ, आणि एका वेळी थोडे. हे तत्त्व पाळण्यासाठी बटाट्याची मुळीच आवश्यकता नव्हती. तांदळाची पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचे पातळ वरण, रव्याची खीर, बिया व साल काढून शिजवलेला दुधी, दोडका किंवा लाल भोपळा, उकडून कुस्करलेले कच्चे केळे, मऊ फुलका वरणात भिजवून, असा आहार सुनेने बसवला. प्रथिनांसाठी पनीर आणि दही मिळाले. कच्ची कोशिंबीर, मका, सुकामेवा, फळांच्या साली, तिखट आणि तळण काही काळ बाजूला राहिले. एक-एक नवा पदार्थ, दोन-दोन दिवसांच्या अंतराने, थोड्या प्रमाणात वाढवला गेला.

जैन स्वयंपाकघरातील काही रीती या काळात साहाय्यक ठरतात, काही अडचणीच्या. उकळून गार केलेले पाणी ही या रुग्णासाठी उत्तमच गोष्ट. द्विदलाच्या नियमामुळे कडधान्याबरोबर कच्चे दही-ताक चालत नाही. तेव्हा मुगाच्या खिचडीबरोबर ताक देण्याऐवजी साध्या मऊ भाताबरोबर ताक आणि वरण वेगळ्या वेळी, अशी सोय सुनेने केली. अडचण आली ती तिथीच्या दिवशी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून अनेक घरांत चवळी, मटकी, वाटाणा, हरभरा यांची उसळ होते. नुकत्याच जोडलेल्या आतड्यासाठी वायू करणारे असे दुसरे अन्न नाही. तिथीलाही सालरहित मुगाची डाळ आणि भात एवढ्यावर भागवता येते, हे आधीच ठरवून ठेवावे.

पोटातील पुष्कळसा वायू आपण गिळलेलाच असतो, ही गोष्ट बाबूजींना नवी होती. घाईने जेवणे, जेवताना बोलणे, गरम चहा फुर्र करून ओढणे, सोड्याची बाटली, या सर्वांतून हवा पोटात जाते. ‘पोट मोकळे होण्यासाठी’ दुकानातील नोकराने आणून दिलेला सोडा त्यांना दोन तास बेजार करून गेला. दूध हाही काही रुग्णांच्या बाबतीत तात्पुरता शत्रू ठरतो. बाबूजींना सकाळच्या दुधाने कळ येई, दह्याने येत नसे. जिऱ्याचे किंवा ओव्याचे कोमट पाणी थोडे घेतल्याने त्यांना बरे वाटे आणि डॉक्टरांची त्यास हरकत नव्हती. परंतु एरंडेल, त्रिफळा किंवा जुलाबाचे कोणतेही औषध विचारल्याशिवाय घेऊ नये, हे त्यांनी बजावले होते. इसबगोलही योग्य वेळ आल्यावरच, भरपूर पाण्याबरोबर. आतडे अरुंद व सुजलेले असताना तेच इसबगोल फुगून अडथळा करू शकते.

हे सारे लक्षात ठेवणार कोण? येथे बाबूजींचा जन्मभराचा व्यवसाय कामास आला. त्यांनी लाल कापडी बांधणीची एक छोटी वही घेतली आणि पोटाचा रोजमेळ मांडला. डावीकडे जमा: किती वाजता काय खाल्ले, किती पाणी प्यायले, कोणती गोळी घेतली. उजवीकडे नावे: शौचास किती वेळा, कसे झाले, वायू केव्हा सरला, कळ किती वाजता आली व किती वेळ राहिली. पहिल्या आठवड्यात ती नुसतीच जंत्री वाटली. दुसऱ्या आठवड्यात पाने उलटताना दुपारच्या कळा आणि सकाळचे दूध यांचा मेळ दिसू लागला. डॉक्टरांनी ती वही चाळली आणि ‘असा हिशेब सर्व रुग्णांनी ठेवला तर आमचे काम सोपे होईल’ असे म्हटले. जी गोष्ट तोंडाने सांगण्याचा संकोच होता, ती वहीने सांगितली.

संकोचाचा प्रश्न मोठा होता. आतड्याचा खालचा भाग काढल्यावर मलसाठ्याची जागा कमी होते, त्यामुळे थोडे-थोडे, वारंवार आणि तातडीने जावे लागते. बाबूजींना दिवसातून सात-आठ वेळा जावे लागे. त्वचा सोलवटली. कोमट पाण्याने धुणे, न घासता मऊ कापडाने टिपणे आणि नंतर जस्ताचे मलम लावणे, या उपायाने चार दिवसांत आराम पडला. पाय ठेवण्यास छोटे स्टूल घेतल्याने कुंथण्याची गरज कमी झाली. परंतु स्थानकात व्याख्यानाला जाणे त्यांनी बंद केले. मध्येच उठावे लागले तर, आवाज झाला तर, लोक काय म्हणतील? घरात ते हळूहळू एकटे जेवू लागले. हा एकांतवास शरीराच्या त्रासापेक्षा जड होता आणि त्याबद्दल ते कुणाशीही बोलले नाहीत.

अशा मनःस्थितीत आषाढ शुद्ध चतुर्दशी आली, चातुर्मास सुरू झाला. शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले होते. बावीस वर्षांचा नेम मोडावा हे बाबूजींना मान्य होईना. आजाराने एवढे हिरावून घेतले, निदान तप तरी आपले राहावे, असे त्यांना वाटले असावे. कुणालाही न विचारता त्यांनी एकासनाचे पच्चक्खाण घेतले. दिवसभराचे अन्न एकाच बैठकीत घ्यायचे, म्हणून दुपारी पोळ्या, चवळीची उसळ, भात आणि तळलेला पापड असे पोटभर जेवले. संध्याकाळी पोट दगडासारखे कडक झाले. कळा लाटांसारख्या येऊ लागल्या, वायू पूर्ण बंद झाला आणि रात्री उलट्या सुरू झाल्या. मुलगा त्यांना तसाच रुग्णालयात घेऊन गेला. क्ष-किरण चित्रात आतडे फुगलेले दिसले. जोडाच्या सुजलेल्या जागी अन्न अडले होते. नाकातून नळी घालून पोट रिकामे केले, शिरेतून सलाइन दिले आणि दोन दिवस तोंडाने काहीच दिले नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे वायू सरला आणि ती वेळ टळली.

घरी आल्यावर त्यांची पत्नी साध्वीजींच्या दर्शनास गेली आणि सारा वृत्तांत सांगून आली. दुसऱ्या दिवशी साध्वीजी घरी मांगलिक देण्यास आल्या. त्यांनी बाबूजींना रागे भरले नाही. ‘श्रावकजी, पच्चक्खाण घेताना त्यातले आगार आपण रोज म्हणता, ते कशासाठी आहेत?’ एवढेच त्यांनी विचारले. आगार म्हणजे व्रतातील सवलती. त्यांत समाधी टिकावी म्हणून, म्हणजे तीव्र व्याधीने चित्त ढळू नये म्हणून, औषधोपचाराची मोकळीक आधीपासूनच ठेवलेली आहे. मग त्यांनी बाह्य तपाचे सहा प्रकार मोजले. अनशन हा त्यांतील पहिला आणि दुसरा ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. ‘डॉक्टर आपल्याला सहा वेळा थोडे-थोडे खायला सांगतात. प्रत्येक वेळी दोन घास आधी हात थांबवला तर दिवसातून सहा वेळा ऊनोदरी होईल. बावीस वर्षे एकासन करताना हे आपण किती वेळा केले?’ बाबूजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘महाराजसाहेब, एकदाही नाही. एकदाच जेवायचे म्हणून पोटभर जेवत आलो.’

त्यानंतर घराचे वेळापत्रक डॉक्टर आणि साध्वीजी दोघांच्या सल्ल्याने बसले. आषाढात पुण्यात सूर्योदय सुमारे सहा वाजता आणि सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो. या तेरा तासांत सहा लहान आहार आरामात बसतात. सकाळी सातला पेज, साडेनऊला फुलका आणि वरण, बाराला भात-ताक, अडीचला कुस्करलेले केळे, साडेचारला खीर, साडेसहाला मऊ खिचडी. रात्रीभोजनाचा त्याग अबाधित राहिला. इतकेच नव्हे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास पोट हलके राहिल्याने रात्रीची अस्वस्थता कमी झाली. गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांनी या चौकटीत बसवून दिल्या. चौविहाराऐवजी मात्र तिविहार करावा असे ठरले, कारण वारंवार शौचास जाणाऱ्या माणसाने रात्रभर पाण्यावाचून राहणे धोक्याचे. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर मांडी घालून होत नव्हती, ती खुर्चीत बसून होऊ लागली. मध्येच उठावे लागले तर ती सामायिक पुन्हा करायची आणि त्याचे दुःख करायचे नाही, असे साध्वीजींनी सांगितले.

ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेत पोटावर मलविसर्जनाची वाट करून पिशवी लावावी लागते, त्यांच्यासाठी नियम थोडे निराळे असतात. विशेषतः लहान आतड्याची वाट बाहेर काढली असेल तर पाण्याबरोबर मीठही पुष्कळ जाते. अशा वेळी नुसते साधे पाणी भरपूर प्याल्याने शोष भरून येत नाही, पिशवी मात्र अधिक भरते. त्यांना क्षार-साखरेचे मिश्रण लागते आणि त्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावे. दीर्घ उपवास किंवा निर्जळी त्यांच्या बाबतीत थेट मूत्रपिंडावर आघात करू शकते. अशा श्रावक-श्राविकांनी पर्युषणापूर्वी आपल्या डॉक्टरांना उपवासाविषयी स्पष्ट विचारावे, आणि कुटुंबाने त्यांना तपाचा आग्रह चेष्टेनेही करू नये.

कोणती अस्वस्थता सोसावी आणि कोणती नाही, याची सीमारेषा घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. चालल्याने, कूस बदलल्याने किंवा वायू सरल्याने कमी होणारी कळ बहुधा निरुपद्रवी असते. परंतु पोट सतत फुगत जाऊन वायू व शौच दोन्ही बंद होणे, वारंवार उलट्या, थंडी वाजून ताप, वाढतच जाणारी वेदना, जखमेतून पू किंवा मळकट स्राव, शौचावाटे पुष्कळ रक्त, लघवी फार कमी होणे, पोटरी सुजून दुखणे, दम लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. पाहुणे येणार आहेत, तिथी आहे, डॉक्टरांना उगीच त्रास, ही कारणे त्या वेळी कामाची नाहीत.

हळूहळू बाबूजींच्या वहीतील उजवी बाजू लहान होत गेली. आठ वेळांचे पाच, पाचाचे तीन. श्रावणात पत्नीने हट्ट करून त्यांना व्याख्यानाला नेले. मुलाने आधी जाऊन दाराजवळची खुर्ची राखून ठेवली होती. दोनदा उठावे लागले. कुणी मान वळवून पाहिले नाही, आणि शेजारी बसलेल्या एका वयस्क श्रावकाने परत आल्यावर हळूच सांगितले की चार वर्षांपूर्वी त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झाली आहे. इतकी वर्षे एकाच स्थानकात बसणाऱ्या या दोघांना एकमेकांच्या आजाराचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे सुरू झाले आणि बाबूजींच्या जेवणाचे ताट पुन्हा सर्वांच्या पंक्तीत आले.

पर्युषणात घरातील सुनेने अठ्ठाई केली, नातवाने पहिला उपवास केला. बाबूजींनी आठही दिवस नवकारशी, तिविहार आणि सहा वेळा ऊनोदरी केली. पारण्याच्या दिवशी तपस्वींचा सत्कार झाला, त्यात त्यांचे नाव नव्हते. संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर सर्वांना खमावताना ते पत्नीपाशी आले आणि थांबले. तीन महिने पेज ढवळणारी, पिशवी शेकणारी, रात्री दिवा लावून वाट दाखवणारी, सोलवटलेल्या त्वचेचे मलम न सांगता उशाशी ठेवणारी ती होती. तिनेही या चातुर्मासात एकही मोठा उपवास केला नव्हता, कारण रात्री उठावे लागे. शास्त्राने आभ्यंतर तपात वैयावृत्य, म्हणजे आजारी व गरजू यांची सेवा, मोजली आहे. त्या वर्षी त्या घरात सर्वांत मोठे तप कुणी केले, हे बाबूजींनी त्या सायंकाळी मुलांसमोर उघड सांगितले. पत्नीने ‘पुरे झाले, सूर्यास्त व्हायला अवकाश आहे, पाणी पिऊन घ्या’ असे म्हणून विषय बदलला.

ती लाल वही आता घरात नाही. पेठेतील एका परिचिताच्या वडिलांची तशीच शस्त्रक्रिया ठरल्याचे कळताच बाबूजींनी ती स्वतः नेऊन दिली. पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहून दिले आहे, ‘हा माझ्या पोटाचा हिशेब आहे. तुमच्या पोटाचा वेगळा असेल. रोज लिहा, लाजू नका, आणि डॉक्टरांना दाखवा.’